पाणबुडी धक्क्याला लागली, पण घरी कोण जाणार?

पाणबुडी बंदरात आली म्हणजे खलाशांना सुट्टी लागली, असं आपण सहज धरून चालतो. महिनोन् महिने समुद्रात काढून आलेली माणसं धक्क्यावर उतरतात, लेकरांना कडेवर घेतात, फोटो छापून येतात. पण त्याच संध्याकाळी क्रूमधले काही जण घरच्यांचा निरोप घेऊन परत बोटीत शिरतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच राहतात. उद्या दुसरे, परवा तिसरे, आणि मग पहिल्यांची पाळी पुन्हा. रविवार असो की नाताळ, बोट बंदरात असेपर्यंत हे चक्र थांबत नाही.

हे चक्र का लागतं आणि त्यातून माणसाच्या वाट्याला घर नेमकं किती येतं, ते समजून घेऊ. उदाहरण अमेरिकी नौदलाचं घेतलं आहे, कारण तिथल्या पद्धतींबद्दल बरंच उघडपणे लिहिलं-बोललं गेलं आहे. मात्र मुंबईच्या नौदल गोदीतली एक रात्रही या विषयाशी थेट जोडलेली आहे.

कुलूप लावून का जाता येत नाही

अमेरिकेच्या सगळ्या पाणबुड्या अणुऊर्जेवर चालतात. धक्क्याला लागल्यावर सहसा अणुभट्टी बंद करतात आणि जाडजूड केबल जोडून किनाऱ्यावरची वीज आत घेतात. पण बंद केलेली अणुभट्टी लगेच गार पडत नाही. साखळी प्रक्रिया थांबली तरी इंधनात तयार झालेले किरणोत्सारी पदार्थ विघटित होत राहतात आणि राखेखालच्या निखाऱ्यासारखी त्यांची धग चालूच राहते. ती उष्णता बाहेर काढावी लागते, तापमान आणि दाब कुणीतरी सतत पाहावा लागतो. किनाऱ्यावरची वीज अचानक गेली तर बोटीची बॅटरी आणि डिझेल जनित्र यांच्यावर कारभार वळवणारा माणूस त्या क्षणी बोटीतच हवा. फोन केल्यावर घरून निघणारा माणूस इथे उपयोगाचा नाही.

दुसरी गोष्ट बोटीच्या आकाराची. जहाजाचा बराच भाग पाण्याच्या वर असतो. पाणबुडी धक्क्याला उभी असतानाही तिचा बहुतेक भाग पाण्याखालीच असतो. वर दिसते ती फक्त पाठ, आणि त्या पाठीवरच आत उतरायची तोंडं, म्हणजे हॅच, उघडी असतात. दुरुस्ती चालू असेल तर त्याच हॅचमधून केबल, हवेच्या नळ्या, पाण्याचे पाइप आत सोडलेले असतात. त्यामुळे गरज पडली तरी झाकण झटकन बंद होत नाही.

याचा धडा १५ मे १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेअर आयलंडच्या गोदीत मिळाला. 'गिटारो' नावाची नवी पाणबुडी तिथे बांधून पूर्ण होत आली होती. बोटीवर कामगारांचे दोन वेगवेगळे गट होते. एक गट मागच्या टाक्यांत पाणी भरत होता, दुसरा पुढच्या टाक्यांत. दोघांनाही दुसऱ्याचं काय चाललंय याचा पत्ता नव्हता. बोटीचं नाक हळूहळू खाली गेलं, पुढच्या उघड्या हॅचमधून पाणी आत शिरलं, आणि केबल-नळ्या आड आल्यामुळे हॅच वेळेत बंद करता आली नाहीत. बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बुडाली. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. सगळ्या बोटीत मिळून काय चाललंय हे ठाऊक असणारं एक माणूस कायम जागेवर लागतं ते यासाठी.

याशिवाय टॉर्पेडो असतात, गुप्त यंत्रणा असतात, भरती-ओहोटीप्रमाणे ताणणाऱ्या आणि सैल पडणाऱ्या दोऱ्या असतात, आगीची धास्ती असते. बोट बंदरात असली तरी तिच्यावर चोवीस तास पुरेशी माणसं लागतात, आणि ती माणसं त्याच क्रूमधून येतात.

ड्युटीचा एक दिवस

हल्ला करणाऱ्या अमेरिकी पाणबुडीवर साधारण १३० ते १४० माणसं असतात. बंदरात आल्यावर त्यांच्या ड्युटीच्या तुकड्या पाडतात, बहुतेकदा तीन किंवा चार. ज्या तुकडीची पाळी, ती सकाळी बोट ताब्यात घेते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या तुकडीच्या हाती देते.

ताबा देणं-घेणं म्हणजे नुसती सही नव्हे. कुठला पंप उघडून ठेवलाय, कुठल्या वाहिनीवर काम चालू आहे म्हणून तिच्या झडपेला लाल टॅग लावलाय, कुठल्या टाकीत किती पाणी आहे, आज कोण बाहेरचे कामगार येणार आहेत, हे सगळं तोंडी सांगायचं, नोंदवहीत दाखवायचं, आणि महत्त्वाच्या जागी दोघांनी मिळून जाऊन पाहायचं. कॅप्टन घरी गेला की त्याच्या जागी ड्युटी ऑफिसर. अणुभट्टीच्या बाजूला वेगळा इंजिनिअरिंग ड्युटी ऑफिसर. बंद अणुभट्टीचे काटे पाहत बसणारा एक जण. वर पाठीवर बंदूक घेऊन पहाऱ्याला उभा एक जण. पाऊस असो, बर्फ असो, त्याला जागा सोडता येत नाही. आणि आत, हातात नोंदीचा तक्ता घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरणारा एक जण: बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, पाणी साचलंय का, कुठे जळका वास येतोय का, मापं नेहमीसारखी आहेत का, हे तो ठरावीक वेळाने पाहत राहतो. रात्री तीन वाजता बोटीचं नशीब खरं तर याच माणसाच्या नाकावर आणि डोळ्यांवर असतं.

हे पहारे काही तासांच्या पाळ्यांनी बदलतात, त्यामुळे ड्युटीवरचा प्रत्येक जण चोवीस तास जागा नसतो. मधल्या वेळात तो बंकवर झोपतो. पण ही झोप घरची नव्हे. आगीचा सराव ड्युटीच्या तुकडीलाच करावा लागतो, घंटा वाजली की उठावं लागतं. आणि सकाळी ताबा दिल्यावर घरी जायला मिळेलच असंही नाही. कामाचा दिवस असेल तर तोच माणूस तसाच आपल्या नेहमीच्या कामाला लागतो: देखभाल, साफसफाई, प्रशिक्षण, कागदपत्रं.

तीन तुकड्या की चार

बाहेरून पाहणाऱ्याला तीन आणि चार यांत फारसा फरक वाटत नाही. हिशेब मांडला की कळतो.

समजा नेहमीचा कामाचा दिवस ९ तासांचा आहे, सोमवार ते शुक्रवार. कामाच्या दिवशी ड्युटी आली तर आणखी १५ तास बोटीवर, शनिवार-रविवारी आली तर पूर्ण २४. तीन तुकड्या असतील तर २१ दिवसांत ७ ड्युट्या येतात, आणि गंमत म्हणजे त्या सातही वारांवर एकेकदा पडतात. बेरीज केली तर सरासरी आठवड्याला ८६ तास बोटीवर. चार तुकड्या असतील तर हाच आकडा सुमारे ७६. सहा तुकड्या जमल्या तर साधारण ६५. आणि माणसं कमी पडून दोनच तुकड्या उरल्या, म्हणजे एक दिवस आड ड्युटी लागली, तर १०६ च्या पुढे. आठवड्याचे एकूण तासच १६८ असतात.

शनिवार-रविवारचं बघा. तीन तुकड्यांत एका आठवड्यात शनिवार जातो, एका आठवड्यात रविवार, आणि तिसऱ्या आठवड्यात शुक्रवारची ड्युटी शनिवारी सकाळी संपते. म्हणजे सलग दोन दिवस घरी राहायची संधी तीन आठवड्यांतून एकदा, तीही रात्र बोटीवर काढल्यानंतर. ज्या घरात शाळेतलं मूल आहे, ज्या घरात जोडीदार नोकरी करतो, तिथे याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. वरच्या आकड्यांत जादा काम, तपासणीची तयारी, समुद्रात निघण्याआधीची धावपळ धरलेलीच नाही.

मग सरळ पाच-सहा तुकड्या का पाडत नाहीत? माणसं तर १३० आहेत. अडचण अशी, की संख्या पुरेशी असली तरी त्या जागेसाठी पात्र माणसं पुरेशी नसतात. बोटीवर आलेला नवा खलाशी पहिल्या दिवशी जवळजवळ कुठल्याच पहाऱ्याला चालत नाही. एकेक यंत्रणा शिकायची, जाणत्या माणसासमोर समजावून सांगायची, त्याची सही घ्यायची, असं करत साधारण वर्षभराने छातीवर डॉल्फिनचं चिन्ह लागतं. खलाशांना चंदेरी, अधिकाऱ्यांना सोनेरी. तोवर तो क्रूमध्ये असतो, पण पाळीपत्रकात त्याच्या भरवशावर राहता येत नाही. शिकण्यात मागे पडला तर इतर जण घरी गेल्यावरही त्याला बोटीवर थांबून अभ्यास करावा लागतो.

त्यातून काही जण प्रशिक्षणाला गेलेले असतात, काही रजेवर, काही आजारी. उरलेल्यांत एखाद्या खास पहाऱ्यासाठी तीनच माणसं पात्र असतील, तर बाकीची बोट चार तुकड्यांवर असली तरी त्या तिघांसाठी तुकड्या तीनच. त्यातला एक आजारी पडला की उरलेल्या दोघांना एक दिवस आड. बंदरातलं आयुष्य कसं जाणार हे शेवटी सगळ्यांत दुर्मीळ कौशल्य किती जणांकडे आहे यावर ठरतं. म्हणूनच नव्या पोराला शिकवण्यात घालवलेला एक तास हा जुन्या माणसाच्या घरच्या रात्रीत जमा होतो, आणि ज्या बोटीवर शिकवणं नेटाने चालतं तिथे पाळ्या सुसह्य असतात.

अणुभट्टीकडच्या लोकांचा, म्हणजे तिथल्या बोलीत 'नूक' मंडळींचा, भार सहसा जास्त असतो. बोट सकाळी निघणार असेल तर अणुभट्टी सुरू करायला ते कितीतरी तास आधी हजर असतात. बोट परत आली की भट्टी बंद होऊन किनाऱ्याची वीज जोडली जाईपर्यंत ते खालीच असतात, तेव्हा पुढच्या भागातले सहकारी बहुधा घरी पोचलेले असतात. पहिल्या आलिंगनाच्या फोटोत हे लोक क्वचित दिसतात.

रजा आणि लिबर्टी

इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत होते. अमेरिकी सैनिकाला वर्षाला ३० दिवस रजा मिळते, महिन्याला अडीच दिवस या हिशेबाने ती खात्यात जमा होते. ऐकायला भरपूर वाटते. पण रजेच्या मध्ये येणारे शनिवार-रविवार आणि सणाचे दिवसही त्यातूनच कापले जातात. उरलेली रजा पुढच्या वर्षी नेता येते, पण साधारणपणे ६० दिवसांपर्यंतच. सतत समुद्रात किंवा तयारीत असणाऱ्या बोटीवर रजा साचत जाते आणि घ्यायला मोकळा काळच सापडत नाही.

लिबर्टी म्हणजे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशी काम सुरू होईपर्यंतची मोकळीक, किंवा मोकळा शनिवार-रविवार. ती रजेच्या खात्यातून कापत नाहीत. कॅप्टन चांगल्या कामाबद्दल तीन-चार दिवसांची खास लिबर्टीही देऊ शकतो. पण लिबर्टीवरच्या माणसाला परत बोलावता येतं, त्यामुळे फार दूर जाता येत नाही.

लांबच्या मोहिमेवरून आल्यावर सहसा काही आठवडे कामाचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. त्याला स्टँडडाउन म्हणतात. त्या काळात क्रूचा मोठा भाग आळीपाळीने रजेवर जातो. नाताळच्या दिवसांतही असंच: अर्धे लोक आधी जातात, अर्धे नंतर. मात्र अर्धे गेले की राहिलेल्यांच्या पाळ्या दाट होतात, चारच्या तीन, तीनच्या दोन. इथे क्रूची माणुसकी दिसते. बिनलग्नाची पोरं लेकुरवाळ्यांची नाताळची ड्युटी स्वतःवर घेतात, आणि दुसऱ्या कुठल्या तरी शनिवारी ती परतफेड होते. नियमपुस्तक याला परवानगी देतं, पण ते घडतं आपसातल्या ओलाव्यामुळे.

मुंबईची १४ ऑगस्ट

हे सगळं फक्त घरगुती सुखदुःखाचं असतं तरीही महत्त्वाचं होतं. पण थकवा हा सुरक्षेचा प्रश्न आहे, हे आपल्याकडे फार मोठी किंमत मोजून दिसलं.

१४ ऑगस्ट २०१३ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या असलेल्या 'आयएनएस सिंधुरक्षक'मध्ये स्फोट झाले. रशियात मोठी दुरुस्ती होऊन ती काही महिन्यांपूर्वीच परतली होती आणि समुद्रात जाण्याची तयारी चालू होती, शस्त्रं चढवलेली होती. बोट धक्क्यालाच बुडाली आणि आत असलेले तीन अधिकारी व पंधरा नौसैनिक, असे १८ जण गेले. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जो अहवाल २०१७ मध्ये संसदेत मांडला गेला, त्यात नौदलाच्या चौकशी मंडळाच्या निष्कर्षांचा उल्लेख आहे. दुर्घटनेच्या वेळी क्रूने ठरवून दिलेल्या तासांपेक्षा जास्त काम केलेलं होतं, माणसं थकलेली होती, आणि संबंधित अधिकाऱ्यांनी या थकव्याचा योग्य अंदाज घेतला नव्हता. मुदत संपत आलेल्या दारूगोळ्याचा मुद्दाही त्या अहवालात आहे, म्हणजे कारण एकच नव्हतं. पण बंदरात उभ्या पाणबुडीच्या चौकशीत कामाचे तास हा विषय यावा, याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. ती माणसं समुद्रात नव्हती, शत्रूसमोर नव्हती. ती मुंबईत होती, शहराच्या दिव्यांपासून हाकेच्या अंतरावर.

पाळीपत्रक तयार करणाऱ्याने माणसाची विश्रांती ही मेहरबानी समजू नये. झडपेला लावलेला लाल टॅग जितक्या गांभीर्याने घेतात, तितक्याच गांभीर्याने माणसाच्या झोपेचे तास मोजायला हवेत.

गोदीतला मुक्काम

मोठ्या दुरुस्तीसाठी बोट गोदीत गेली की क्रूला आराम मिळेल असं वाटतं. खरं तर अनेकांना हाच काळ सगळ्यांत नकोसा होतो. बोट उघडून ठेवलेली, आवाज, धूळ, वेल्डिंग, आणि दिवसरात्र चालणारं काम. वेल्डिंग चालू असेल तिथे आगीवर लक्ष ठेवणारा माणूस उभा करावा लागतो.

२३ मे २०१२ रोजी मेन राज्यातल्या किटरी इथल्या गोदीत 'मायामी' पाणबुडीला लागलेली आग पहाटेपर्यंत जळत होती. ती गोदीतल्याच एका कंत्राटी नव्हे तर नोकरीतल्या कामगाराने लावली होती. मनाने अस्वस्थ होता, लवकर घरी जायचं होतं, असं त्याने नंतर सांगितलं. त्याला १७ वर्षांची शिक्षा झाली. दुरुस्तीचा खर्च परवडेनासा झाल्याने २०१४ मध्ये बोट सेवेतून काढावी लागली. त्याच्या कृत्याला क्षमा नाही. पण ज्याला आता काम झेपत नाही त्याला ते सांगून बाहेर पडायची वाट असणं किती गरजेचं आहे, हेही त्यातून दिसतं.

गोदीचा दुसरा त्रास लांबणीचा. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ च्या अहवालात मोजलं, की २००८ पासून हल्ला करणाऱ्या पाणबुड्यांचे मिळून १०,३६३ दिवस गोदीत शिरण्याची वाट पाहण्यात आणि बाहेर पडायला झालेल्या उशिरात गेले. 'बॉइसी' या बोटीची तर दुरुस्तीची वाट पाहतानाच पाण्याखाली जाण्याची परवानगी संपली. अशा बोटीवर आलेला तरुण समुद्रात न जाता डॉल्फिन मिळवणार कसा? मग त्याला शिकायला दुसऱ्या बोटीवर पाठवावं लागतं, आणि इथली तुकडी आणखी बारीक होते.

एक बोट, दोन क्रू

या कोंडीवर एक उत्तर १९५९ सालापासून वापरात आहे. 'जॉर्ज वॉशिंग्टन' ही अण्वस्त्रवाहू बॅलिस्टिक क्षेपणास्त्रं घेऊन फिरणारी पहिली अमेरिकी पाणबुडी त्या वर्षाच्या शेवटी सेवेत आली, आणि तिला दोन संपूर्ण क्रू दिले गेले: निळा आणि सोनेरी. दोघांचे कॅप्टन वेगळे, दोघांचे स्वयंपाकीही वेगळे. आज ओहायो वर्गाच्या क्षेपणास्त्रवाहू बोटी जॉर्जियातल्या किंग्ज बे आणि वॉशिंग्टन राज्यातल्या बँगोर इथून याच पद्धतीने चालतात. सरासरी ७७ दिवस समुद्रात, मग ३५ दिवस बंदरात देखभाल. बोट परतली की काही दिवस दोन्ही क्रू मिळून एकेक वस्तू, एकेक नोंद तपासतात, आणि बोट हाती देऊन आधीचा क्रू मोकळा होतो.

मोकळा म्हणजे खरोखर मोकळा. आधी रजा. नंतर सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण, वर्ग, परीक्षा, पण बरंचसं कार्यालयीन वेळेत. रात्री बोट सांभाळायला दुसरा क्रू आहे. बहिणीच्या लग्नाची तारीख सहा महिने आधी पाहून हो म्हणता येतं. पैशापेक्षा या अंदाजासाठी लोक अशा बोटींवर बदली मागतात.

मग सगळ्याच बोटींना दोन क्रू का नाहीत? दुप्पट माणसं शोधायची, घडवायची, टिकवायची, आणि पात्र माणसांचाच तर तुटवडा आहे. फ्रान्सने मात्र हे केलं आहे. तिथे क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांप्रमाणेच तुलों बंदरातून चालणाऱ्या हल्ल्याच्या अणुपाणबुड्यांनाही निळा आणि लाल असे दोन क्रू असतात. त्यांच्याकडे अशा बोटी मोजक्याच आहेत, म्हणून प्रत्येक बोट जास्तीत जास्त दिवस समुद्रात राहावी, पण तेच खलाशी सतत समुद्रात राहू नयेत, असा तो हिशेब आहे. अमेरिकेच्या हल्ल्याच्या बोटींवरचे खलाशी मात्र अजून तीन की चार याच गणितात आहेत.